पैसे परत आले, पण चोर कोण?



गेल्या काही महिन्यांत मॉरिसव्हिल, केरी, एपेक्स भागातल्या आपल्या मंडळींकडून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत कानावर येते आहे. "बँकेनं पैसे परत दिले हो, पण चोर कोण ते काही सांगत नाहीत!" काहींचे तर पैसेही अडकलेले आणि नावही नाही. फोन केला की पलीकडची बाई गोड आवाजात सांगते, "तपास पूर्ण झाला आहे, याहून जास्त माहिती देता येत नाही." खातं आपलं, पैसे आपले, आणि आपल्यालाच सांगायचं नाही, हा कुठला न्याय? असा सात्त्विक संताप बहुतेकांना येतो. म्हणून या खेपेला सदरात हाच विषय घेतला आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी इंजिनियर आहे, वकील नाही. पण इथले ग्राहकांसाठीचे कायदे एखाद्या यंत्राच्या मॅन्युअलसारखे शांतपणे वाचले तर बरेचसे समजतात. मोठी रक्कम गेली असेल तर वकील गाठावाच. निदान काय मागायचं आणि काय मागून उपयोग नाही, एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं.

एका घरातली गोष्ट

मॉरिसव्हिलमधलंच एक कुटुंब. नाव-गाव सांगत नाही. घराच्या डेकचं काम केलेल्या माणसाला त्यांनी साडेचारशे डॉलर्सचा चेक पोस्टानं पाठवला. सोसायटीच्या सामायिक मेलबॉक्समध्ये संध्याकाळी टाकला. दहा दिवसांनी स्टेटमेंट पाहिलं तर चेक वटलेला, पण रक्कम चार हजारांच्या वर! शाई धुऊन नाव आणि आकडा बदललेला, खाली सही मात्र ह्यांचीच.

त्या वेळी त्यांच्या बेसमेंटमध्ये मित्राचा मुलगा राहत होता. नुकताच एम.एस. करायला आलेला, अपार्टमेंट मिळेपर्यंत महिना-दीड महिना आसरा. चेकबुक स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये असायचं, हे त्याला माहीत होतं. झालं! बँक नाव सांगेना, त्यामुळे मनात पाल चुकचुकायला लागली. वहिनींनी चेकबुक कपाटात कुलूपबंद केलं, काकांचं बोलणं तुटक झालं. मुलगा काही खुळा नव्हता. चार दिवसांत बॅग भरून एका वर्गमित्राकडे सोफ्यावर झोपायला गेला.

पुढे कोणीतरी सुचवलं म्हणून काकांनी बँकेकडून चेकच्या दोन्ही बाजूंची प्रत मागवली. मागच्या बाजूला भलतीच सही, आणि तो चेक दुसऱ्याच राज्यातल्या एका बँकेत जमा झाल्याचा शिक्का. ज्या तारखेला तो जमा झाला, त्या दिवशी हा मुलगा यांच्याच घरी पोळ्या लाटायला मदत करत होता. बँकेनं यथावकाश पैसे परत दिले. मुलाच्या आई-वडिलांशी असलेली वीस वर्षांची मैत्री मात्र अजून पूर्वीसारखी झालेली नाही.

चोर कोण हे कळलं नाही की आपण जवळच्या माणसांकडे बघायला लागतो. म्हणून हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

बँकेला तरी नाव माहीत असतं का?

आपली कल्पना अशी असते की बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये चोराचं नाव, पत्ता, फोटो सगळं असतं आणि मुद्दाम लपवून ठेवतात. प्रत्यक्षात बँकेला बहुधा एवढंच माहीत असतं की पैसे अमुक खात्यात गेले. ते खातं कोणाच्या नावावर आहे आणि पैसे कोणी चोरले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. एप्रिल २००५ मध्ये एम्फसिस कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरचं प्रकरण उघडकीला आलं. सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांशी गोड बोलून तिथल्या काही जणांनी त्यांचे पिन नंबर मिळवले आणि चार खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर्स, म्हणजे तेव्हाचे दीड कोटी रुपये, पुण्यातल्या बँकांत खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. आता समजा, न्यूयॉर्कमधल्या त्या ग्राहकाला बँकेनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, "तुमचे पैसे पुण्याच्या अमक्या-तमक्याच्या खात्यात गेले." तर ते नावच बनावट! खरे चोर कोण हे जगाला कळलं ते पुणे पोलिसांनी केलेल्या अटकेमुळे.

दुसरं उदाहरणही पुण्याचंच. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि एटीएममधून पैसे काढले गेले ते तब्बल २८ देशांत. पुढे खटला चालला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. ही माणसं म्हणजे बनावट कार्डं घेऊन मशिनसमोर उभी राहणारी शेवटची फळी. त्यांच्यामागचा धागा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या अहवालात थेट उत्तर कोरियापर्यंत नेला आहे. म्हणजे "चोर कोण" याला एकाच प्रकरणात दोन-तीन उत्तरं निघतात, आणि त्यातलं बँकेच्या हाताशी असतं ते सगळ्यात खालचं.

माहीत असलं तरी का सांगत नाहीत?

याची तीन कारणं आहेत, आणि तिन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण खातेदाराच्या खाजगीपणाचं. ज्याच्या खात्यात तुमचे पैसे गेले तोही कुठल्यातरी बँकेचा ग्राहकच. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यानं ग्राहकाची खाजगी माहिती सांभाळायची जबाबदारी बँकांवर टाकली आहे. फसवणूक रोखण्यासाठी बँका आपसात आणि सरकारी यंत्रणांशी माहितीची देवाणघेवाण करू शकतात, त्याला कायद्यात वाट आहे. पण उद्या कोणीही उठून "माझे पैसे याच्या खात्यात गेलेत, याचा पत्ता द्या" म्हटलं आणि बँकेनं दिला, तर काय होईल? तो माणूस निर्दोष असू शकतो. त्याचंही खातं कोणीतरी वापरलेलं असू शकतं. आणि त्याच्या दारात चार संतापलेली माणसं जाऊन उभी राहिली तर जबाबदारी कोणाची? शिवाय न्यायालयानं दोषी ठरवायच्या आधी बँकेनं एखाद्याला चोर म्हटलं तर बदनामीचा दावा ठरलेला.

दुसरं कारण आपल्याला बहुतेकांना माहीतच नसतं. संशयास्पद व्यवहार दिसला की बँकेला अर्थखात्याच्या अखत्यारीतल्या फिनसेन या संस्थेकडे एक गोपनीय अहवाल पाठवावा लागतो. त्याला 'सस्पिशस अ‍ॅक्टिव्हिटी रिपोर्ट', बँकवाल्यांच्या बोलीत 'सार', म्हणतात. १९९२ च्या कायद्यानं ही पद्धत आली आणि १९९६ पासून सध्याच्या स्वरूपात सुरू झाली. संशयित कोण हे माहीत असेल तर ५,००० डॉलर्सपासून पुढे आणि माहीत नसेल तर २५,००० डॉलर्सपासून पुढे हा अहवाल सक्तीचा. बँकेतलाच कर्मचारी गुंतलेला असेल तर रक्कम कितीही असो. मुदत साधारण ३० दिवस, संशयित ठाऊक नसेल तर ६० दिवस.

यातली मेख अशी की असा अहवाल पाठवला आहे किंवा नाही, एवढंसुद्धा बँकेला कोणाला सांगता येत नाही. चोराला नाही आणि तुम्हालाही नाही. जाणूनबुजून फोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलर्सपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा फोनवरची ती बाई "मला सांगता येत नाही" म्हणते, तेव्हा ती उर्मटपणा करत असते असं नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. गोपनीय आहे तो अहवाल. त्यामागचे मूळ कागद, म्हणजे चेक, स्टेटमेंट, व्यवहाराची नोंद, ही काही त्या कलमानं गोपनीय होत नाहीत. "सगळंच गोपनीय आहे" असं कोणी म्हणालं तर ते पूर्ण खरं नाही.

तिसरं कारण व्यवहारी. बँकेनं तुमचे पैसे भरून दिले की नुकसान बँकेचं झालं. आता फिर्यादी ती, तुम्ही साक्षीदार. आम्हा इंजिनियर लोकांना यंत्र बंद पडलं की मूळ कारण सापडेपर्यंत चैन पडत नाही. बँकेचं तसं नसतं. हजार-दोन हजार डॉलर्ससाठी चोरामागे धावण्यापेक्षा ती रक्कम खर्ची टाकणं तिला स्वस्त पडतं. आणि आकडेही प्रचंड आहेत. फिनसेननं २०२३ साली दिलेल्या माहितीप्रमाणे चेकच्या फसवणुकीबद्दल २०२१ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक अहवाल आले होते, २०२२ मध्ये ते ६ लाख ८० हजारांच्या वर गेले!

मग आपल्याला काय मागता येतं?

नाव नाही, पण कागद मागता येतात. आणि कागदांतून बरंच काही कळतं. कुठल्या प्रकारची चोरी आहे त्याप्रमाणे हक्क बदलतात.

चेक: वरच्या गोष्टीतल्यासारखं प्रकरण असेल तर चेकच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंची प्रत मागा. ऑनलाइन बँकिंगमध्ये बहुधा दोन्ही दिसतात. आपण पुढची बाजू बघतो आणि मागची सोडून देतो. मागच्या बाजूला कोणाच्या सहीनं जमा झाला, कुठल्या बँकेत, कुठल्या तारखेला, हे असतं. मूळ चेक मात्र बहुधा मिळत नाही. २००४ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या 'चेक २१' कायद्यानंतर बँकांचा व्यवहार चित्रांवर चालतो आणि मूळ कागद नष्ट होतो. तेव्हा शाई तपासणं, बोटांचे ठसे वगैरे सिनेमातल्या गोष्टी विसरा.

चेकच्या बाबतीत पैसे यायला उशीर का लागतो, तेही सांगतो. सही खोटी असेल तर सर्वसाधारणपणे तुमच्या बँकेचं नुकसान. इंग्लंडमधल्या १७६२ सालच्या एका निकालापासून हा नियम चालत आला आहे! पण सही खरी आणि नाव किंवा रक्कम बदललेली असेल तर तुमची बँक ते नुकसान चेक जमा करून घेणाऱ्या बँकेवर टाकू शकते. मग दोन बँकांची पत्रापत्री चालते आणि आपण मध्ये लोंबकळतो. आपल्या बाजूनं काळजी एकच, दर महिन्याचं स्टेटमेंट वेळेवर बघणं. उशीर केला तर, विशेषतः तोच चोर पुन्हा हात मारून गेला तर, आपला हक्क कमी होतो, आणि एका वर्षानंतर तो संपतोच. नॉर्थ कॅरोलायनातही हाच नियम आहे.

डेबिट कार्ड आणि इलेक्ट्रॉनिक व्यवहार: याला १९७८ चा इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायदा आणि त्याखालचं 'रेग्युलेशन ई' लागू होतं. कार्ड हरवल्याचं कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान जास्तीत जास्त ५० डॉलर्स, त्यानंतर ५०० पर्यंत. स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस उलटून गेले तर पुढच्या चोऱ्यांना मर्यादा नाही. कार्ड तुमच्या खिशातच आहे आणि नुसता नंबर चोरीला गेला, तर ६० दिवसांच्या आत कळवल्यास तुमच्यावर काहीच येत नाही.

तक्रार आल्यावर बँकेला तपासाला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. जास्त वेळ हवा असेल तर ४५ दिवसांपर्यंत, पण मग तेवढे पैसे तात्पुरते तुमच्या खात्यात जमा करावे लागतात. नवीन खातं, परदेशातला व्यवहार किंवा दुकानातली डेबिट कार्डाची खरेदी असेल तर ९० दिवस. "आधी पोलीस रिपोर्ट आणा, मग तपास सुरू करू" असं बँकेला म्हणता येत नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. बँकेनं "यात काही चूक आढळली नाही" असं ठरवलं, तर तिला लेखी कारण द्यावं लागतं, आणि ज्या कागदांच्या आधारे हे ठरवलं ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागितल्यावर ते समजेल अशा स्वरूपात द्यावे लागतात, नुसते कोड नंबर चालत नाहीत. पण गंमत बघा, तुमचं म्हणणं मान्य करून पूर्ण पैसे दिले तर त्या कलमाखाली कागद द्यायची सक्ती नाही! म्हणजे ज्याला पैसे नाकारले त्याला कागद मिळतात, आणि ज्याला पैसे मिळाले तो अंधारातच राहतो. "पैसे आले, पण काहीच सांगत नाहीत" या तक्रारीचं मूळ इथे आहे.

तुमच्या नावावर दुसऱ्यानंच खातं उघडलं तर: इथे मात्र कायदा तुमच्या बाजूनं चांगला भक्कम आहे. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यात २००३ साली एक कलम घातलं गेलं, ६०९ (ई). तुमची ओळख वापरून कोणी कर्ज घेतलं, कार्ड काढलं, खरेदी केली, तर त्या बँकेनं किंवा दुकानानं अर्जाची आणि व्यवहारांची कागदपत्रं तुम्हाला ३० दिवसांच्या आत, विनामूल्य द्यायची. त्या अर्जावर चोरानं दिलेला पत्ता, फोन नंबर, माल कुठे पाठवला ते असतं. मागणी लेखी हवी, बँकेनं त्यासाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवायची. सोबत आपल्या ओळखीचा पुरावा, पोलीस रिपोर्ट आणि प्रतिज्ञापत्र. आपण लिहून दिलं तर हीच कागदपत्रं पोलिसांनाही थेट मिळतात, त्यासाठी वेगळं समन्स लागत नाही.

हे कलम कागदावरच राहिलं आहे असं समजू नका. कोल्स या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या दुकानानं अशी कागदपत्रं पीडित ग्राहकांना द्यायचं नाकारलं, पोलिसांनाच देऊ असा पवित्रा घेतला, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला. जून २०२० मध्ये ते प्रकरण २ लाख २० हजार डॉलर्सच्या दंडावर मिटलं. तेव्हा पत्रात "कलम ६०९ (ई) प्रमाणे" हे शब्द जरूर लिहा. मात्र चोराच्या स्वतःच्या नावावरच्या खात्याची माहिती या कलमानं मिळत नाही, तुमच्या नावावर झालेल्या व्यवहारांचीच मिळते.

"तुम्ही कार्ड कोणाला दिलं होतं का?"

तक्रार केली की बँक हा प्रश्न हमखास विचारते. आपल्या घरांतून याचं उत्तर बरेचदा "हो" असतं. भारतातून आलेल्या आई-बाबांना वाणसामानासाठी कार्ड दिलेलं, रूममेटला "जरा शंभर डॉलर्स काढून आण रे" म्हणून पिन सांगितलेला. कायद्याप्रमाणे, तुम्ही आपणहून ज्याला कार्ड आणि पिन दिला त्यानं जास्त पैसे काढले तर तो व्यवहार 'अनधिकृत' धरला जात नाही, जोवर तुम्ही बँकेला "आता याला परवानगी नाही" असं कळवलेलं नसतं तोवर. उलट पिन कार्डावरच लिहून ठेवण्याचा निष्काळजीपणा केला असला, तरी तेवढ्यावरून बँकेला तुमची जबाबदारी वाढवता येत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी निष्काळजीपणापेक्षा विश्वास महागात पडतो!

आणि कधीकधी कागद हातात आल्यावर अक्षर ओळखीचं निघतं. तेव्हा काय करायचं हा प्रश्न बँक सोडवत नाही. खरं सांगायचं तर क्लेम मागे घ्यावा लागतो किंवा पोलिसांत त्या माणसाचं नाव द्यावं लागतं. "पैसेही द्या आणि त्याचं नावही बाहेर येऊ देऊ नका" ही तिसरी वाट नाही. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर आपणच गुन्हेगार ठरतो. तेव्हा चोराचं नाव मागण्याआधी, ते कळल्यावर आपण काय करणार आहोत, याचा घरात बसून विचार झालेला बरा.

झेलची भानगड

झेलवरून गेलेल्या पैशांत एक फरक नीट ध्यानात घ्या. चोरानं तुम्हाला फसवून कोड काढून घेतला आणि पैसे त्यानं स्वतः पाठवले, तर तो व्यवहार अनधिकृत आणि रेग्युलेशन ई लागू. पण फसून का होईना, बटण तुम्ही स्वतः दाबलंत, तर बँक बहुधा हात वर करते. ग्राहक संरक्षण विभागानं, म्हणजे सीएफपीबीनं, डिसेंबर २०२४ मध्ये झेल चालवणारी कंपनी आणि तीन मोठ्या बँकांवर दावा लावला. त्यात एक आरोप असा होता की तक्रार घेऊन आलेल्या काही ग्राहकांना "त्या भामट्यालाच फोन करून पैसे मागा" असा सल्ला दिला गेला! मार्च २०२५ मध्ये विभागानं तो दावा मागे घेतला, त्यामुळे आरोपांचा निवाडा झालाच नाही.

पोलीस आणि कोर्ट

नाव कळायचा राजमार्ग पोलिसांतूनच जातो. गावाच्या हद्दीत राहत असाल तर मॉरिसव्हिल पोलिसांत तक्रार नोंदवा, पोस्टातून चेक चोरीला गेला असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसलाही कळवा. पोलिसांनासुद्धा दुसऱ्याच्या खात्याची माहिती नुसत्या फोनवर मिळत नाही, वॉरंट किंवा समन्स असा कायदेशीर कागद लागतो. नॉर्थ कॅरोलायनाचा त्यासाठी स्वतंत्र आर्थिक गोपनीयता कायदा आहे. त्यामुळे वेळ लागतो, आणि लहान रकमेच्या प्रकरणात डिटेक्टिव्हकडून महिनोन्महिने काही कळलं नाही तर नवल नाही. रिपोर्टचा नंबर जपून ठेवा, अधूनमधून नम्रपणे विचारणा करा.

आरोपीवर खटला भरला गेला की मात्र चित्र पालटतं. कोर्टाची कागदपत्रं सार्वजनिक असतात, आणि जी गोष्ट बँक सांगत नव्हती ती कोर्टाच्या कारकुनाकडे कोणालाही वाचायला मिळते. २०१८ साली आपल्या राज्यात मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीप्रमाणे गंभीर मालमत्ता-गुन्ह्यांतल्या पीडितांनी मागणी केली, तर सुनावणीची माहिती मिळते आणि भरपाईही मागता येते.

बँक दाद देत नसेल तर राष्ट्रीय बँकांसाठी ओसीसीकडे आणि शिवाय रालेच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे लेखी तक्रार करता येते. त्यानं चोराचं नाव कळणार नाही, पण अडकलेला क्लेम हलायला मदत होते.

भारतातल्या खात्यांचं काय?

आपली एनआरओ, एनआरई खाती वर्षातून एकदा, तीही दिवाळीच्या सुमाराला, उघडून बघायची सवय अनेकांना आहे. ती मोडा. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम घातला की बाहेरच्या कोणी केलेल्या चोरीत, बँकेची सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही बोजा नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित, आणि त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकली. या तीन दिवसांचा उपयोग व्हायचा तर बँकेकडे तुमचा चालू असलेला फोन नंबर आणि ई-मेल हवा. सोळा वर्षांपूर्वीचा, काकांच्या डोंबिवलीच्या घरचा लँडलाइन नंबर तिथे असेल तर सूचना कोणाला मिळणार?

आपल्या मुलांसाठी दोन शब्द

आता नाण्याची दुसरी बाजू. चोरीचे पैसे ज्या खात्यांतून फिरवले जातात ती खाती पुष्कळदा कॉलेजच्या मुलांची असतात. "तुझ्या अकाउंटवर दोन हजार येतील, दोनशे तू ठेव, बाकीचे पुढे पाठव," अशी 'पार्टटाइम नोकरी' फोनवर चालून येते. आपल्याकडून नव्यानं आलेल्या, खर्चाची ओढाताण असलेल्या विद्यार्थ्याला ती खरी वाटते. मग कागदोपत्री चोर म्हणून नाव येतं ते त्याचं. बँक खातं बंद करते, कारण सांगत नाही, आणि एफ-१ व्हिसावरच्या मुलासाठी पोलीस केस म्हणजे सगळंच पणाला.

बँकेनं आपल्याला चोराचं नाव सांगावं असं वाटतं तेव्हा हा मुलगाही डोळ्यांपुढे आणा. ज्या गोपनीयतेचा आपल्याला राग येतो, तीच त्याला आपली बाजू मांडायला वेळ देते. म्हणून मला विचाराल तर बँकेनं नाव सांगू नये हे बरोबर आहे. पण पैसे परत दिलेल्या ग्राहकालाही चोरी कशी झाली, कुठे झाली, आपल्या घरातून झाली की बाहेरून, एवढे कागद मिळायला हवेत. हा हक्क रेग्युलेशन ईमध्ये सध्या नाही आणि तो असावा, असं आपण आपल्या लोकप्रतिनिधींना लिहायला हरकत नाही.

तोवर जे हातात आहे ते करा. चेक शक्यतो सामायिक मेलबॉक्समध्ये टाकू नका, पोस्टाच्या खिडकीवर द्या. दर आठवड्याला खातं बघा. काही गडबड दिसली तर त्याच दिवशी फोन, आणि पाठोपाठ पत्र, कारण फोनवर बोललेलं सिद्ध करता येत नाही. चेकची मागची बाजू आधी मागवा. आणि ती हातात येईपर्यंत घरातल्या पाहुण्यावर, कामाला येणाऱ्या बाईवर किंवा रूममेटवर संशय घेऊ नका.

पुढच्या अंकात क्रेडिट फ्रीझबद्दल: तो २०१८ पासून देशभर फुकट झाला आहे, तरी आपल्यातले फार थोडे वापरतात. आपले अनुभव आणि शंका संपादकांकडे जरूर पाठवा, नावं छापली जाणार नाहीत.